वाट पाहणाऱ्यांचा वाटा

सोयाबीनची सोंगणी आटोपली, मळणीयंत्राची घरघर थांबली, की आमच्या उंद्रीला दिवाळीची चाहूल लागते. वावरात उभी असते ती तूर आणि अर्धीमुर्धी वेचलेली कपाशी. ह्याच दिवसांत पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले एस.टी.तून उतरतात, त्यांच्या हातांतल्या पिशव्यांवरून कोणाचे कसे चालले आहे ह्याचा अंदाज पारावरची मंडळी बांधतात. यंदा माझी पुतणीही उतरली. पण तिच्या हातात पिशवी नव्हती, पाठीवर सॅक होती. ती एवढी मोठी, की मागून पाहणाऱ्याला मुलगी दिसूच नये, सॅकच चालत निघाली आहे असे वाटावे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिले.

ओसरीवर ते ओझे उतरवून ती तांब्याभर पाणी प्यायली आणि तिच्या आईला व मला तिने एकदमच सांगून टाकले. नोकरीचा राजीनामा दिला आहे. साठवलेल्या पैशांत वर्षभर भागेल. दक्षिण अमेरिकेत उतरायचे, मग आफ्रिका, मग जमले तर न्यूझीलंड. एकटीने. वाटेत डोंगर चढायचे, कातडी पंखासारखे कापड बांधून कड्यावरून तरंगायचे, समुद्रात बुडी मारून खालचे जग पाहायचे, आणि पायाला दोर बांधून पुलावरून खाली उडी घ्यायची. बाजाराची यादी वाचावी तशा सुरात तिने हे सारे सांगितले.

वहिनी काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर मुलगी झोपायला गेली, तेव्हा त्या मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याबिगर ते कोनाचं आयकत नाई. तुमीच सांगा तिले."

माझे थोरले बंधू जाऊन सहा वर्षे झाली. त्यांची ही एकुलती एक. मी चौतीस वर्षे शाळामास्तरकी केली आहे. समजावून सांगणे हाच माझा धंदा. तेव्हा मी होय म्हटले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या, मुलीने जाऊ नये ह्याची कारणे गोळा करू लागलो. ती एकेक करून माझ्या हातून कशी निसटली, त्याची ही हकीकत आहे.

पहिले कारण सोपे होते : कशासाठी? गावाबाहेर पाऊल टाकणाऱ्याला आपण हाच प्रश्न आधी विचारतो. बाजाराला, दवाखान्याला, सोयरिकीला, वारीला, असे उत्तर मिळाले की वाट मोकळी होते. 'उगीच' हे उत्तर मात्र चालत नाही. मी मुलीपुढे आनंदीबाई जोशींचे उदाहरण ठेवले. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, बंगालमधल्या, आनंदीबाईंनी भर सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जातो आणि एकट्या का जातो ते सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. बरोबर आपल्या घरचे कोणी नाही. परंतु हेतू स्वच्छ होता : आपल्या देशातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी. "तिच्याजवळ हेतू होता," मी म्हणालो, "तुझ्याजवळ काय आहे?"

ती म्हणाली, "काका, हेतू होता म्हणून तिला लोकांनी सुखानं जाऊ दिलं का? तेव्हाही नावंच ठेवली ना?"

हे मी ऐकून घेतले असते. पण बोलता बोलता मलाच पुढचा इतिहास आठवला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना फिलाडेल्फियाला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयातली जागा त्यांची वाट पाहत होती. त्या परतल्या त्या आजारी होऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्याला वारल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी नव्हती. ज्या कामासाठी त्या गेल्या ते काम करायला त्यांना अवधीच मिळाला नाही. जाण्याचे समर्थन जर हेतूच्या सिद्धीतच असेल, तर आनंदीबाईंचे जाणे वाया गेले असे म्हणावे लागेल. तसे म्हणायला माझी जीभ धजत नाही, आणि कोणाचीच धजणार नाही. याचा अर्थ, त्या जाण्यातच काहीतरी असे होते, जे हेतू अपुरा राहिला तरी अपुरे राहिले नाही.

वरसईचे विष्णुभट गोडसे घ्या. घरचे कर्ज फिटावे म्हणून, मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ह्या आशेने ते १८५७ साली चुलत्याबरोबर निघाले आणि बंडाच्या ऐन वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. मिळवले ते लुटले गेले. परतताना त्यांनी गंगेची कावड आणली आणि आईबापांना स्नान घातले. पैशाचा हेतू फसला. आज आपण त्यांचे नाव घेतो ते त्यांनी काय पाहिले ते पुढे लिहून ठेवले म्हणून. आणि ते पुस्तकही १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले तेव्हा लोकांच्या हाती आले. निघताना 'कशासाठी?' ह्याचे जे उत्तर गोडसे भटजींनी घरी दिले असेल, त्यात ह्यातले काहीही नसणार.

आणि खरे सांगायचे तर 'कशासाठी' हा प्रश्न आम्ही तरी कुठे स्वतःला विचारला होता? आमच्या वावरातल्या विहिरीची मोट बंद पडली होती, पण थारोळे शाबूत होते. उन्हाळ्यात त्यावरून आम्ही पोरे खाली पाण्यात सूर मारीत असू. पाणी दूर, काळे, आणि कडेला दगड. कोणी कोणाला हेतू विचारीत नव्हते. पाय सुटायचे तेव्हा पोटात जो खड्डा पडायचा त्यासाठीच आम्ही पुन्हा वर चढत होतो. मुलीने मला सांगितले की ती दोर बांधून मारायची उडी मूळची पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू देशातल्या पेंटेकोस्ट बेटावरची. तिथले पुरुष लाकडांचा उंच मनोरा रचतात, घोट्यांना रानवेली बांधतात आणि खाली झेप घेतात. कोनफळाच्या जातीच्या कंदाचे पीक चांगले यावे अशी त्यामागे श्रद्धा असते. त्यावरून घेतलेल्या उडीचा धंदा हॅकेट नावाच्या गृहस्थाने १९८८ साली न्यूझीलंडमध्ये कवाराऊ नदीच्या पुलावर सुरू केला. तिथे उंची ४३ मीटर, आणि वेलीच्या जागी रबराचा दोर. एका उडीत सारे गाव सामील, दुसरीत फक्त पैसे भरणारा एकटा. फरक मोठा आहे. तरीही पाय सुटल्यानंतरचा तो क्षण दोघांचा एकच असला पाहिजे, आणि आमच्या विहिरीवरचाही तोच.

म्हणून पहिले कारण मी सोडून दिले. एवढेच तिला म्हणालो, "हेतू नसेल तर नसू दे. पण उगाच लावूनही घेऊ नकोस. जग समजून घ्यायला जाते, स्वतःला शोधायला जाते, असले काही सांगू नकोस." ती हसून म्हणाली, "मला आवडतं म्हणून जाते, काका." उत्तर प्रामाणिक होते.

दुसरे कारण धोक्याचे. ह्याला तरी तिच्याजवळ काय उत्तर असणार? २०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी सायकलवर पृथ्वीला फेरी घालायला निघाली. १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर तिने कापले. त्या प्रवासात कॅनडात अस्वल तिच्या मागे लागले, आणि स्पेनमध्ये चाकूच्या धाकावर तिला लुटले. तेव्हा ती वीस वर्षांची होती. "अस्वलाचे सोड," मी म्हणालो, "अस्वल तुला बाई म्हणून ओळखत नाही. माणूस ओळखतो."

"काका, पुण्यात रात्री नऊला ऑफिसातून निघते तेव्हाही माणूस मला ओळखतोच," ती म्हणाली. "त्या धोक्यासाठी मला कोणी परवानगी मागायला लावली नाही."

मी गप्प झालो. कारण ती जे बोलली ते एकट्या तिच्यापुरते नव्हते. धोका म्हणजे काय, हे आमच्या भागाला कोणी शिकवायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. पाठीवर पंप घेऊन वावरात उतरणाऱ्या त्या माणसांना साहसी म्हणून कोणी हार घातले नव्हते. आणि पाठीवर बिऱ्हाड घेऊन शेकडो कोस एकट्यादुकट्याने चालण्याचे म्हणाल, तर ते आपण २०२० सालच्या उन्हाळ्यात पाहिले आहे. टाळेबंदीत मजूर आपापल्या गावाकडे पायी निघाले. जालन्याहून निघालेली काही माणसे मध्य प्रदेशात जायला गाडी मिळेल म्हणून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत होती. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात ती रुळांवरच झोपली असताना त्यांच्यावरून मालगाडी गेली. सोळा जण गेले. रुळांवर भाकऱ्या पडल्या होत्या.

तीच चाल, तेच पाठीवरचे ओझे, तेच ऊन. एकाला आपण प्रवासी म्हणतो, दुसऱ्याला मजूर. एकाच्या खिशात परतीचे तिकीट असते. दुसरा जिथे जातो आहे तेच त्याचे घर असते आणि तिथवर पोचण्याचीच खात्री नसते. मनात आले, हे मुलीला सांगावे आणि लाजवावे : ज्या जगात लोकांना जिवावर उदार होऊन घरी जावे लागते, त्या जगात तू हौसेने घर सोडतेस? पण जरा विचार केल्यावर तोही मार्ग बंद झाला. तिने घरी बसल्याने त्या सोळांपैकी एकाचाही पाय सोपा झाला नसता. दुसऱ्याच्या दुःखाचा उपयोग घरच्या मुलीला अडवण्याच्या काठीसारखा करणे हा त्या दुःखाचाही अपमान आहे. त्यातून निघतो तो एवढाच धर्म : ज्याला धोका पत्करायची निवड आहे, त्याने आपल्याला निवड आहे हे विसरू नये, आणि आपल्या धाडसाचा डंका पिटू नये. जग पाहताना वाटेत जो पोरगा तिच्या खोलीत चहा आणून ठेवील, जो हमाल डोंगरावर तिचे ओझे वाहील, तो तिच्यापेक्षा रोज अधिक धोका पत्करीत असेल. एवढे ध्यानात ठेवून गेली तर तिचे जाणे मला उद्दाम वाटणार नाही.

तिसरे कारण 'एकटी' ह्या शब्दाचे. ह्या शब्दाबद्दल मला पहिल्यापासून थोडा संशय आहे. आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या नावेतून मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने शिडाच्या नावेतून असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन, असे चारच मुक्काम. ह्या मोहिमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी ह्यांची; नाव बांधली ती गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी; आणि ती बांधली जात असताना दोंदे स्वतः तिथे राबत होते. भर समुद्रात काही मोडले तर दुरुस्त करणारा दुसरा कोण होता? नऊ महिन्यांच्या त्या एकटेपणाच्या मागे कितीतरी माणसांचे हात होते.

त्याहून मला विचारात पाडते ते अभिलाष टॉमींचे. त्यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. २०१८ साली ते पुन्हा एका शर्यतीत उतरले. त्या शर्यतीचा नियम असा, की पन्नास वर्षांपूर्वीच्या खलाशाजवळ जी साधने होती तेवढीच वापरायची. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने त्यांच्या नावेची डोलकाठी मोडली आणि त्यांची पाठ जायबंदी झाली. त्यांना उठताही येत नव्हते. तेव्हा ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश स्पर्धक आपली शर्यत विसरून, स्वतःच्या मोडक्या नावेनिशी त्यांच्याकडे निघाला. आपल्या नौदलाच्या विमानाने त्यांचा शोध घेतला. आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' ह्या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. चार वर्षांनी टॉमी पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

एकटा माणूस संकटात सापडला की तो एकटा राहत नाही. अनोळखी माणसे आपला जीव धोक्यात घालून त्याच्याकडे निघतात. म्हणजे एकट्याने जाणारा माणूस निघताना न कळत सगळ्या जगाच्या नावावर एक चिठ्ठी लिहून जातो. ती वटवायची वेळ न येवो. पण लिहिलेली असते. मी हे मुलीला सांगितले. तिने काही न बोलता सॅकमधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. तीत डोंगरातून सुटका करण्याचा खर्चही देणारा विमा होता, प्रत्येक देशातल्या आपल्या वकिलातीचे दूरध्वनी होते, पीतज्वराची लस टोचून घेतल्याची तारीख होती. त्या देशांतून परतताना तो दाखला नसेल तर आपल्याच विमानतळावर अडवून ठेवतात म्हणे. कुठल्या गावात रात्रीच्या गाडीने पोचायचे नाही, तेही लिहिलेले होते. मी तिला बेफिकीर समजत होतो. तिने आठ महिने तयारी केली होती, आणि आम्हाला मात्र आज सांगितले होते.

इथे माझ्या हातात शेवटचे आणि सगळ्यांत जड कारण उरले. 'तुझ्या आईचा विचार कर.' ह्या वाक्याला उत्तर नसते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलांना घरी बसवले आहे ते ह्याच वाक्याने. मी तोंड उघडले, आणि ते वाक्य माझ्या घशातच अडकले.

१९७९ साली मी खामगावला कॉलेजात होतो, एन.सी.सी.त होतो. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या शिक्षणक्रमासाठी माझी निवड झाली. मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी वर्गात ही गोष्ट सांगत आलो : हिमालयाचे बोलावणे आले होते, पण आई आजारी, पाय निघेना, म्हणून गेलो नाही. मुले गंभीर होत. ह्या गोष्टीवर मी मातृभक्तीचे अनेक धडे शिकवले आहेत.

खरी गोष्ट अशी, की आईला नेहमीचाच दमा होता आणि तिनेच माझ्यासाठी चिवडा बांधून दिला होता. वडिलांनी कपाशीच्या पैशांतून जाड घोंगडी घेतली, हातात रक्कम ठेवली आणि म्हणाले, "जाऊन ये." मला अडवणारे घरात कोणी नव्हते. थोरला भाऊ शेगाव स्टेशनापर्यंत पोचवायला आला आणि शेवटची एस.टी. गाठायची म्हणून परतला. भुसावळकडे जाणारी गाडी आली. डबा समोर होता, दार उघडे होते, आत जागाही होती. मी उभा राहिलो. तिकडचे बर्फ, दोर, अनोळखी मुले, हिंदी-इंग्रजी बोलणे, सगळे एकदम अंगावर आले. गाडी सुटली. रात्र मी फलाटावर काढली, सकाळी महाराजांचे दर्शन घेतले आणि प्रसाद घेऊन घरी आलो. आईची आठवण आली म्हणालो. "पोरगं मायबापाचं हाये," असे गाव म्हणाले. ती शाबासकी मी चाळीस वर्षांहून अधिक काळ खाल्ली आहे.

भावाने मला कधी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशीही गाडी होती हे त्याला ठाऊक होते. फक्त एकदा, मी ही गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगत असता, तो मध्येच उठून बैलांना पाणी दाखवायला गेला. बैलांना पाणी दाखवून झालेले होते.

भिणे हे पाप नव्हे. भीती माझी होती आणि ती मी आईच्या नावावर मांडली, हे मात्र पाप होते. आणि आता तेच नाणे मी एका मुलीच्या हातावर ठेवायला निघालो होतो. दुसऱ्या बाजूचीही मला तितकीच धास्ती वाटली. 'जा, खुशाल जा' असे मी म्हटले, तर ते तिच्यासाठी असेल की शेगावच्या फलाटावर राहिलेल्या त्या पोरासाठी? आपण गेलो नाही म्हणून दुसऱ्याला ढकलणे हे अडवण्याइतकेच वाईट.

त्या रात्री मी वहिनींना सगळे सांगितले. त्या कंदिलाला कागद चिकटवीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या भावानं लग्नाच्या वर्षीच सांगतलं होतं मले."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, मरनाचं भेव कुठं नाई? तुमचे भाऊ तं ह्याच ओसरीवर बसल्या जागी गेले. मले भेव वायलंच हाये. तिले तिकडं बरं वाटलं, इकडं यावं असं वाटलंच नाई, तं मी कोनासाठी दिवा लावू? पन हे तिले सांगू नका. मायसाठी थांबली, तं जलमभर मले तिच्याकडं पाहता येनार नाई."

मला आमच्या भागातली वारी आठवली. शेगावहून महाराजांची पालखी महिनाभर चालत पंढरपूरला जाते; आणि पाहण्यासारखे हे, की ती परतही पायीच येते. वारकरी संसार टाकून जात नाही; जातो, येतो, पुन्हा जातो. म्हणून वारकऱ्याच्या बायकोने 'कशाला जाता' असे विचारलेले मी ऐकले नाही. 'कधी येता' असे विचारलेले ऐकले आहे. उलट नर्मदेची परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. तिथे निघणाऱ्याला घर विसरावेच लागते. आमची मुलगी दोहोंपैकी कशाला निघाली आहे, हा वहिनींचा खरा प्रश्न होता. तो विचारण्याचा त्यांना हक्क होता.

कारण आपल्या मराठीत वाट चालतात आणि वाटच पाहतात. चालणारा जो धोका घेतो त्याचा एक हिस्सा घरी बसलेल्याच्या पदरात पडतोच, मग त्याने तो मागितलेला असो वा नसो. हिस्सा आला म्हणजे हक्कही आला. अडवण्याचा हक्क नव्हे; कारण जीव तिचा आहे. पण खरे काय ते कळण्याचा हक्क. आठ महिने तयारी करून शेवटच्या दिवशी सांगणे, हे मुलीचे चुकले होते. आणि मनातले भय झाकून हसत निरोप द्यायचा, हे वहिनींचेही चुकणार होते; कारण निवड करणाऱ्याला आपण काय मोडून जातो आहोत हे ठाऊक नसेल, तर ती निवड कसली? मी हे वहिनींना म्हणालो. "मी सांगणार नाही, तुमचा शब्द मोडणार नाही. पण तुम्ही सांगा. थांबवण्यासाठी नको, नुसते सांगा."

धनत्रयोदशीच्या सकाळी करंज्या लाटताना त्यांनी सांगितले. मी ओसरीवर होतो, शब्द ऐकू आले नाहीत. लाटण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. वर्षाऐवजी सहा महिने करते म्हणाली. आफ्रिका पुढच्या खेपेला. "आईनं अडवलं नाही, काका. मीच ठरवलं. पुढची खेप असायला आधी परत यायला पाहिजे ना?" मी तिलाही शेगावच्या फलाटाची खरी गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "दुसऱ्या दिवशीची गाडी किती वाजता होती?" ते मला आजही आठवते, म्हणून सांगितले.

भाऊबीज झाली की ती निघेल. सॅकमध्ये वहिनींनी जवसाची चटणी कोंबली आहे. आठवड्यातून एकदा दूरध्वनी करायचा हे ठरले आहे. एका गोष्टीवर मात्र काल रात्री दोघींचे जुंपले. मुलगी म्हणत होती, "पुलावरची ती उडी मी मारून झाल्यावर सांगीन. उगीच तुझी झोप नको जायला."

वहिनी म्हणाल्या, "आधी सांगजो. इथं रात असली तं असू दे. मी जागी राहीन."